काठवट आणि रबराचे चार तुकडे

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इच्छापोरच्या एका कारखान्यात लूमखाली आडवा पडून नट आवळत होतो. फोनवर त्यांची सून होती, आणि मागांच्या खडखडाटात मला एक अक्षर कळेना. बाहेर येऊन परत लावला. "दादा, आप्पा गेले... चहा घेतला आणि बसल्या जागी गेले," एवढंच ती म्हणाली. हातात पाना तसाच घेऊन मी फाटकापर्यंत चालत गेलो होतो, हे मला वॉचमननं सांगितलं. त्याला आता दीड महिना होईल.

सुपडूआप्पा माझ्या वडिलांचे गाववाले. दोघं बरोबरच खानदेशातून सुरतेला आले. वडील मागावर लागले, आप्पांनी नवागामला खोली घेऊन लाकूड कातायचं लेथ मशीन मांडलं. लाटणी, पाळण्याचे खांब, पोळपाटाचे पाय, मागाल ते करून द्यायचे. भिंतीपलीकडे लूमचं शेड, त्यामुळे त्या खोलीतली भांडी दिवसभर किणकिणत असायची. असल्या जागी हा माणूस इतकं गुळगुळीत काम कसा काढतो, हे मला मागांचा फिटर असूनही कळत नव्हतं. आणि कळत नाही हे कबूल करायचं नाही, हा माझा जन्माचा स्वभाव.

आईची काठवट तडकली होती. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं. स्टीलच्या परातीत पीठ सरकतं म्हणून आई रोज कुरकुरायची. तेवढ्यात गावाकडे बांधावरचं शिवणीचं झाड पडल्याचं कळलं. माझ्या वडिलांनी लावलेलं. वडील तेव्हा नव्हतेच. त्या खोडातून एकच चांगला गोल ठोकळा निघाला, तो मी आप्पांकडे आणून दिला. दुसरा मिळणार नव्हता. आई दारात स्टुलावर येऊन बसली. मोतीबिंदूमुळे तिला धड दिसत नव्हतं, पण नवऱ्याच्या हातच्या झाडाचं काम होतं ना!

लाकूड एका अंगाला जड होतं. मशीन सुरू केलं की सगळं थरथरायचं आणि पटाशीच्या मागोमाग लाकडावर लहरी उठायच्या. आप्पांनी जड बाजू तासली आणि पटाशीला धार लावायला मागच्या अंगणात गेले. तेवढ्यात मी शहाणपणा केला. यंत्र हाललं की खाली रबर, हे आम्हा लूमवाल्यांचं वेदवाक्य. पिशवीतून रबराचे चार तुकडे काढले, पहारीनं मशीन उचललं आणि चारी पायांखाली सारले. विचारलंसुद्धा नाही. आप्पांनी येऊन बटण दाबलं, मशीन रबरावर नाचायलाच लागलं, पटाशी रुतली आणि काठाची हातभर ढलपी उडून भिंतीवर आदळली.

आप्पांनी खाली पाहिलं. रबर दिसलं. मग माझ्याकडे पाहिलं. आई विचारत होती, काय झालं, काय झालं... आप्पा म्हणाले, "काही नई वहिनी, मना हात सरकना."

मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर जे पाहिलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आप्पांनी रबर काढून माझ्या पिशवीत ठेवलं. मशीनच्या पायावर वाळूची पोती चढवली, पट्टा मोठ्या चाकावर टाकून वेग उतरवला, पटाशी टेकायची पट्टी लाकडाला जेमतेम न घासेल इतकी जवळ आणली. फुटलेला काठ पुरता कापून टाकला. मग आतून कोरताना आधी काठ पातळ केला, तोही मधला गाभा भरीव असतानाच, म्हणजे लाकडाला लाकडाचा आधार. काठ झाल्यावर परत तिकडे वळले नाहीत, पायरी पायरीनं तळाकडे उतरत गेले. पटाशी चालेल तिथे काठवटीच्या कडेला बाहेरून डाव्या हाताची बोटं टेकलेली, फिरत्या लाकडावर! जोर कशाचाच नाही. मध्येच त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला मशीनवर ठेवायला सांगितला. पलीकडे शंभरेक लूम धडधडत होते, आणि त्या पेल्यातलं पाणी हाललं नाही. मी लहानपणापासून देवळात हात जोडत आलो, पण असे आपोआप जोडले गेले ते तेव्हाच.

काठवट ठरल्यापेक्षा चार बोटं लहान झाली. आई कौतुक करायची, पण आप्पा घरी आले की टोमणा ठरलेला, की सुपडू, तुझा हात सरकला नसता तर चार भाकरींचं पीठ जास्त मावलं असतं. आप्पा हसायचे आणि मी उठून पाणी आणायला जायचो. सांगू, सांगू म्हणता म्हणता वर्षं गेली. आप्पांनी एकदाही, एकट्यातसुद्धा, विषय काढला नाही.

दहन झालं त्या संध्याकाळी त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती, कडू घास आमच्याकडून जायचा होता. आई पीठ घेऊन बसली आणि सवयीनं बोलून गेली, हात सरकला नसता तर आज एका दमात सगळ्यांचं झालं असतं. मला सहन झालं नाही. म्हणालो, "माय, हात सरकना नव्हता. रबर मीच ठेवं व्हतं."

आईचा हात पिठात थांबला. मग म्हणाली, "इतला वरीस मी त्याले बोलनू... आन् तो नुसता हासे." तिनं काठवट माझ्याकडे ढकलली. "आते तू मळ."

पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा भाकरीचं पीठ मळायला बसलो. तळव्यानं रगडत काठापासून तळापर्यंत गेलो, पुन्हा काठाकडे आलो. एक तरी लहर हाताला लागावी, आप्पांचं एक तरी चुकलेलं सापडावं, असं वाटत होतं. कुठेच काही सापडेना. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तशी आई म्हणाली, "रडू नको. पीठ पातळ व्हई."

भाकरी वाकड्यातिकड्या झाल्या. मीच त्या फडक्यात बांधून आप्पांच्या दारी नेल्या.