कोरं कापड कोपरांवर

रंगारी खालाला कोणी इलाज सांगू लागलं की ती आधी त्याचे हात पाहायला मागायची. समोरचा भाबडेपणाने तळवे पुढे करी. "कोरडे ठाक! मंग तुमाले काय ठावं?" एवढं बोलून ती पुन्हा निळीच्या माठात हात घाली.

तिच्या हातांचं दुखणं सगळ्या गल्लीला पाठ होतं. दिवसभर निळीच्या नि चुन्याच्या पाण्यात राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडत, सोलत, आग आग करत. नखांची मुळं सुजून नखं जाड, वाकडी झालेली. चार दिवस जरा सुकलं की पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मी वाशिमला सून म्हणून आले तेव्हा हे कित्येक वर्षं चाललेलं होतं आणि दर वर्षी कोणीतरी नवा लेप घेऊन येतच होतं. वैद्यबुवा मधात कालवलेली पूड देत. अनसिंगची एक बाई तंबाखूचं पाणी लावायला सांगून गेली. एका शहाण्याने तर मागच्या जन्मीचं पाप काढलं. "आमच्यात मागला जनम नसते, बावाजी," खाला म्हणाली, "ह्याच जनमातलं काही असंन तं सांगा." तो बिचारा पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

गिऱ्हाइकाचं कोरं कापड मात्र ती बोटांनी कधी धरत नसे. मुठी मिटायची, दोन्ही कोपर पुढे करायची आणि त्यांवर झेलायची. निळीचा एक ठिपका पडला तरी कापड वाया, म्हणे. लग्नाचं लुगडं असो की शेतकऱ्याचं पागोटं, रीत एकच.

आमच्या सासूबाईंना तिचा रंग चाले, तिचे हात चालत नसत. "सडकी बोटं," म्हणायच्या. पांघरायच्या पासोड्या तिच्याकडेच रंगवायच्या आणि तिला बसवायचं उंबऱ्याबाहेर. मी डोक्यावरचा पदर सावरत गप्प उभी असे.

लढाईच्या दिवसांत मला मुलगा झाला. दीड महिन्याचा असताना त्याच्या जिभेवर आणि गालांच्या आत पांढरा थर धरला. वाटे दूधच चिकटलंय, पण पुसून निघेना, आणि निघाला तर खाली लालबुंद. पोर छातीशी लागे आणि किंचाळून तोंड सोडे. चार दिवसांत त्याचा आवाज बसला. सासूबाईंचा इलाज ठरलेला: मध. दिवसातून दहादा बोट मधात आणि बोट तोंडात. वैद्यबुवांनी त्यात खडीसाखर वाढवली. थर वाढला की मध वाढे. एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांच्या घरात माझं पोर भुकेने मरायला टेकलं होतं.

त्या दिवशी खाला पासोडी परत द्यायला आली होती. तो बसका आवाज ऐकला आणि ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. हात पाठीमागे धरून तिने वाकून पोराच्या तोंडात पाहिलं.

"हे काय लावून राह्यल्या?"

"मध," सासूबाई म्हणाल्या.

"गोड?" खाला हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "बाई, निळीचा माठ लावाचा तं त्यात गूळ टाका लागते. गूळ भेटला का तो फसफसते, वर साय धरते. तुमी पोराच्या तोंडात माठ लावून राह्यल्या! रोज गूळ देता, अन् मंग इचारता साय काहून वाढली?"

"तुयी बोटं बरी झाली का आधी?"

"नाई झाली. म्हून तं सांगून राह्यली. ज्या साली वैदाचा मध लावला, त्या साली दोन नखं गेली माही." मग ती माझ्याकडे वळली. "सूनबाई, तुले तोंड हाय का नाई? दवाखान्यात ने त्याले."

मी पोर उचललं आणि निघाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मध बंद करायला सांगितलं आणि तोंडात जांभळं औषध लावलं. आठवड्याभरात थर गेला, पोर पोटभर प्यायला लागलं. सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या की गुण खडीसाखरेचा, जरा उशिरा आला इतकंच.

खालालाही मी ओढून दवाखान्यात नेलं. तेच जांभळं औषध मिळालं, वर ताकीद: दोन महिने हात पाण्यात घालायचे नाहीत. "दोन महिने!" ती वाटेत म्हणाली. "मंग पोटाले बी हेच जांभळं लावू काय?" तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माठावर बसलेली दिसली. फुकटची ताकीद द्यायला कोणाचं काय जातं, याची मला तेव्हा फार चीड आली होती.

पुढे गिरणीचं रंगीत कापड घ्यायला लोक धावले आणि तिचा माठ बंद पडला. कारंज्याला बहिणीकडे जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली आणि सवयीने उंबऱ्याबाहेर बसली. मी सासूबाईंच्या देखत मुलाला घेऊन बाहेर गेले.

"खाला, ह्याले घे."

तिने एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मुठी मिटल्या, दोन्ही कोपर पुढे केले आणि माझं पोर त्यांवर अलगद झेललं. "बोटांनी धर," एवढं म्हणायला मला तेव्हाही तोंड फुटलं नाही.