व्याह्यांनी लपवलेला परदेश

जगातली निम्मी काळजी देवाने सगळ्या माणसांत वाटली आणि उरलेली निम्मी एकट्या आमच्या व्याह्यांच्या हवाली केली, असं माझं स्पष्ट मत आहे. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. मूळचे बेळगावकडचे, आता बंगळुरूच्या एका टोकाला येलहंक्यात एकटेच राहतात. मी दुसऱ्या टोकाला, लेकीकडे व्हाइटफील्डला. त्यांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला, तरी फोनवर खरं बोलू नये यावर त्यांची श्रद्धा. कुणी 'कुठं आहात?' विचारलं तर घरात बसून 'बाहेर आलोय' म्हणणार, आणि बाहेर असले तर 'घरीच की'. असं का म्हणून विचारलं तर सांगायचे, "विहीणबाई, पलीकडं कोण ऐकायलाय कुणास ठाऊक." मी चौथीपर्यंतच शिकले, पण यांचं ऐकायला कुणी रिकामं बसलेलं नाही, एवढं मला कळत होतं.

अशा माणसाच्या एकुलत्या नातीने, आमच्या सईने, इंजिनिअरिंग झाल्यावर पुढचं परदेशात शिकायचं काढलं. त्या दिवसापासून व्याह्यांच्या आमच्याकडे फेऱ्या वाढल्या आणि त्यांनी घरात कायदा लावला: होईपर्यंत बोलायचं नाही. काम व्हायच्या आधी बोललं की दृष्ट लागते, हे आमच्याकडेही मानतात, पण कुणी इतकं ताणत नाही. शेजारच्या बाईने 'सई पुढं काय करणार?' विचारलं की हे म्हणायचे, "काय की. लग्नाचंच बघावं म्हणतोय." हे ऐकून सई आठवडाभर धुमसत होती. शिफारसपत्रासाठी ती प्राध्यापकांकडे निघाली, तर जिन्यापर्यंत मागे जाऊन सांगितलं, "पत्र माग, पण कशाला ते सांगू नको." ती म्हणाली, "आजोबा, मग ते लिहिणार काय?" तर म्हणे, "मुलगी चांगली आहे, एवढं लिहायला कारण कशाला लागतंय?"

बाहेर गप्प आणि आत धगधगतं, असा प्रकार. सईने अर्ज केलेल्या सगळ्या गावांचं हवामान ते रोज फोनवर बघायचे आणि त्या त्या गावची थंडी स्वतःच सोसायचे. एकदा आमच्याजवळच्या मॉलमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले. पहारेकऱ्याने विचारलं, "एन बेकु सार?" काय पाहिजे म्हणून. हे म्हणाले, "काही नको, स्वल्प थंडी बघतोय." मी दोन रांगा पलीकडे जाऊन उभी राहिले, ओळख नसल्यासारखी.

शेवटी सईला हवं होतं त्याच विद्यापीठाने होकार कळवला. पण एक अट होती. माझ्या जावयाच्या डोक्यावर घराचं कर्ज, म्हणून शिक्षणाच्या खर्चाची हमी व्याह्यांनी लिहून दिली होती. त्याची खात्री झाल्यावरच पक्कं पत्र मिळणार होतं, आणि पक्क्या पत्राशिवाय व्हिसा नाही. लेक दुधाकडे बघत उभी असायची आणि दूध उतू जायचं.

अवरेकाईचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम होता. मी आणि व्याही पेपर पसरून शेंगा सोलत बसलो होतो. त्यांचा फोन वाजला. ते इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी येत नाही, पण 'नो' कळतं, आणि ते चारपाच वेळा आलं. फोन ठेवून समाधानाने म्हणाले, "कोण बाई होती की. नात परदेशी शिकायला येणार काय, विचारायली होती. म्हटलं, छे, असं काही नाही, ती इथंच आहे."

"कुठली बाई?"

"बोलण्यावरनं परदेशातली वाटली."

"व्याही," मी म्हटलं, "सईच्या कॉलेजातली असणार ती."

त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मेल आला. हमी देणाऱ्याला काहीच माहीत नाही, तेव्हा प्रवेश थांबवला आहे, काय ते स्पष्ट करा. सई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती आजोबांसमोरून पाण्याचा पेला घेऊन गेली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. संध्याकाळी गॅलरीत मला म्हणाले, "तरुणपणी खात्याने मला परदेशी पाठवायचं ठरवलं होतं, शिकायला. आईने गल्लीभर पेढे वाटले. मग यादीत दुसऱ्याचंच नाव लागलं. पेढे खाल्लेली माणसं वर्षभर विचारायची, कधी निघालास."

मी म्हटलं, "पेढ्यांनी नाव जात नाही. साहेबाने कापलं असणार."

"ते मलाही कळतंय की. पण साहेबापुढं माझं काय चालणार होतं? घरातल्यांचं तोंड तेवढं बंद करता येतं."

मी उठले आणि त्यांची राहिलेली भाकरी तव्यावर गरम करून आणली.

सईने विद्यापीठाला विनंती करून कॅमेऱ्यासमोर बोलायची वेळ मागून घेतली. व्याही कोट घालून सकाळपासून तयार. दृष्ट म्हणजे काय, आपल्याकडे का बोलत नाहीत, याचं भलंमोठं भाषण पाठ केलेलं. पडद्यावरच्या बाईने मात्र दोनच गोष्टी विचारल्या, त्या लेकीने मला कानात सांगितल्या: ही तुमची नात का, आणि ती इथं येणार, तुम्ही खर्च करणार, हे खरं का? व्याही उठले. मला वाटलं आता पळतात. त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "येस." आवाज इतका बारीक, की बाईने पुन्हा विचारलं. तेव्हा मोठ्याने म्हणाले. भाषण तसंच राहिलं. सईने लॅपटॉप मिटला आणि त्या मेलनंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, "कोट काढा आता, घाम आलाय तुम्हाला."

पत्र येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. व्याही येलहंक्याला परत गेलेच नाहीत. सईने फोन हातात घेतला, की ते तिच्या फोनकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचे. पत्र आलं तेव्हा ती नुसती हसली, आणि यांना तेवढ्यावर कळलं.

ऑगस्टात ती निघाली. सकाळचं विमान होतं. विमानतळ त्यांच्या बाजूला, म्हणून आम्ही सगळे आदल्या दिवशीच येलहंक्याला जाऊन राहिलो. गाडीत सामानच एवढं झालं, की आम्ही दोघं म्हातारी घरीच थांबलो. तिने वाकून नमस्कार केला. हे म्हणाले, "सरी, बरं, सावकाश जा," आणि आत जाऊन उगाच नळ बघून आले.

मग अंगणात खुर्च्या टाकून बसलो. वरून विमान गेलं, की मान वर करून सांगायचे, "हे वायुदलाचं." दुसरं गेलं, "हे मुंबईचं असणार." तिसरं गेलं, "हेही नव्हे." मी म्हटलं, "अजून वेळ आहे, व्याही." म्हणाले, "माहीत आहे की."

ऊन पायांवर आलं. विमानं जात राहिली, आणि प्रत्येकाला ते तेच म्हणत राहिले, हे नव्हे, हे नव्हे. मी आतल्या घड्याळाकडे बघितलं. तिच्या विमानाची वेळ केव्हाच होऊन गेली होती. एरवी मी तोंडावर सांगितलं असतं. आज मी खुर्ची जरा सावलीत ओढली आणि म्हटलं, "नसेल हे."