इनडायरेक्ट कावीळ

नंदकुमार न्हावा शेव्याला क्रेन चालवतात, आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. एवढ्या उंचावर बसून कंटेनर उचलणारा माणूस कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे सोसायटीचंच भाग्य. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या कुठल्याशा स्वामींचं ऐकून त्यांनी मासे सोडले, मग अंडी, शेवटी दूध-दहीसुद्धा. बायको सुमित्राबाई रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "देवाला पंचामृत चालतं, तुम्हाला दही चालत नाही. बरेच वर गेलात."

गेल्या महिन्यात डोळे पिवळट दिसू लागले. चप्पल घालायला वाकले की साहेब भिंत धरायचे. कंपनीच्या तपासणीत रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, वाढलेलं निघालं. डायरेक्ट ठीक, इनडायरेक्ट जास्त.

"इनडायरेक्ट!" नंदकुमारांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्यात काही नाही. बाहेरून कुणीतरी केलंय." आणि बोट शेजारच्या मालतीबाईंच्या दाराकडे.

मालतीबाई खाडीकाठच्या, दारातच उभ्या होत्या. "भाऊ, नजर लागंल असं तुमच्यात हाय काय?"

तरी मिरच्या ओवाळून झाल्या. चक्कर तशीच. कंपनीला कामासाठी फिट असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. "डॉक्टरांपुढे चक्करचं बोलायचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

डॉक्टर ईश्वरींनी कागद चाळले. "लिव्हर ठीक आहे, सोनोग्राफीत खडा नाही. काहींचं जन्मतःच जास्त असतं, उपाशी राहिलं की वाढतं. चक्कर येते का?"

"छे."

"येते," सुमित्राबाई म्हणाल्या. "काल बाथरूमच्या दाराला मिठी मारली. इतक्या प्रेमानं मला कधी मारली नाही. आणि हे क्रेन चालवतात, डॉक्टर. खाली माणसं असतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी कळलं, बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. "ते कमी पडलं की तांबड्या पेशी बनता बनताच फुटतात. तुमचा पिवळेपणा त्यातला, चक्करही त्यातलीच. इंजेक्शनं घ्या, दूध-दही सुरू करा. मी सांगेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही."

"तू मला खाली उतरवलंस," इंजेक्शनच्या खोलीत नंदकुमार पुटपुटले.

"जिन्यानं उतरवलं. तुम्ही सरळ येणार होतात."

त्यांनी बाही वर केली आणि नर्सला हळूच विचारलं, "हे शाकाहारी आहे ना?"

"आहे, काका. हात सैल सोडा."