हरणाऱ्यांच्या बाजूची

कोल्हापुरात जन्माला येऊन फुटबॉलमध्ये आपली बाजू कोणती हे शेवटपर्यंत ठरवू न शकलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते नेमकं हायस्कुलात माझ्याच बाकावर बसत होतं. आमच्याकडं पोराला बोलता यायच्या आधी त्याची टीम ठरलेली असते. टीमपायी सख्खे साडू एकमेकांशी बोलायचे थांबतात. आणि भर मंगळवार पेठेत वाढलेली ही मुलगी मात्र मॅच बघताना जो हरत असेल त्याची व्हायची. बरं, तो सावरून पुढं गेला की त्याला वाऱ्यावर सोडून दुसऱ्याची! याची तिला लाजबीज काही नव्हती. "हरतंय त्याच्यासंगं कोन तरी पायजे की," एवढंच तिचं म्हणणं.

हे खूळ मैदानापुरतं असतं तरी चाललं असतं. धाकट्या भावाबरोबर कॅरम खेळताना तो रडकुंडीला आला की ही जिंकलेली राणी त्याला आंदण देऊन टाकायची. वर्गाच्या मॉनिटरसाठी उभी राहिली, तर समोरच्या मुलीसाठी एकही हात वर येईना म्हटल्यावर हिनं स्वतःचेच दोन्ही हात वर केले. बाई चक्रावल्या. "अगं, तू तिला मत देतेस?" "मग काय करू बाई, तिचं तोंड बघवंना झालंय." वर्ग पोट धरून हसला, आणि हसता हसता सगळ्यांनी त्या दुसरीलाच निवडून दिलं.

दहावीच्या वर्षी आमची शाळा आंतरशालेय फुटबॉलच्या फायनलला गेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तरी मॅचला मुली फारशा नसायच्या. आम्ही चौघी खेळाच्या सरांच्या हातापाया पडून गेलो. चिरमुऱ्यांची पुडी, तिखटमीठ लावलेल्या काकड्या, पोरांनी वाजवायला आणलेले पत्र्याचे डबे. अर्ध्या तासात आमचे घसे बसले. समोर गडहिंग्लजची शाळा होती. एसटीनं आलेली अकरा पोरं, दोन-तीन राखीव आणि त्यांचे सर. बस्स. त्यांच्यासाठी ओरडायला चिटपाखरू नव्हतं.

आमचा पहिला गोल झाला तेव्हा ही आमच्याबरोबर नाचली. दुसरा झाला तेव्हा गप्प झाली. मी ओळखलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"सोड. मी चाललो तिकडं," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीही 'चाललो'च म्हणतात.

"अगं येडी हैस काय? फायनल हाय ही!"

"त्यांच्याकडं बघ की जरा. कोनबी न्हाय त्यांचं."

आणि आमच्या शाळेच्या गणवेशात, आमच्याच गोलपोस्टामागून चालत, सगळ्या मैदानादेखत ती गडहिंग्लजच्या सरांशेजारी जाऊन बसली. कुणाचं नाव माहीत नाही, म्हणून शर्टाचे नंबर बघून ओरडायला लागली. "ए सात नंबर! पळ की रं! जेवलाईस न्हवं?" सात नंबर आधी दचकला, मग हसला, आणि मग खरंच पळाला. त्यांचा एक गोल झाला.

आमच्या सरांनी मला पिटाळलं, "आण तिला ओढून." मी गेले. ती म्हणाली, "बस की." बसले. इकडून बघितल्यावर आपलीच पोरं केवढी धिप्पाड दिसत होती! तेवढ्यात सात नंबरनं पुन्हा बॉल काढला आणि मी कधी उभी राहून किंचाळले ते मलाच कळलं नाही. बरोबरी झाली. त्यांचे सर आम्हा दोघींना शेंगदाणे देत म्हणाले, "पोरींनो, कुणाच्या गं तुम्ही?" "आत्ता तुमच्याच," ही म्हणाली.

शेवटी शेवटी तिसरा गोल आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला. गडहिंग्लजची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि ही ताडकन उठली. "चल, आता आपली हरायला लागली."

आम्ही धावत परत आलो. आमच्या पोरांनी काकडीची सालं मारून स्वागत केलं. ती सालं झटकत शिट्टी होईपर्यंत आमच्या शाळेसाठी ओरडली; एकटीच, कारण बाकी सगळे हातपाय गाळून बसले होते. आम्ही हरलो.

गोलकीपर पोस्टाला टेकून गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आमच्याच वर्गातला. शिव्या घालून झाल्यावर सगळे त्याला तिथंच सोडून निघून गेले होते. ही त्याच्याजवळ जाऊन बसली.

"तुझ्यामुळं झालं हे," तो वर न बघता म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "पर पहिल्या हाफात तू अडवलास तो बॉल दुसऱ्या कुनाला अडला नसता."

त्यानं गुडघ्यातून डोकं वर काढलं. मग हळूच म्हणाला, "कंचा? डावीकडचा?"

"डावीकडचा."

त्यानं बाहीला नाक पुसलं आणि तो कसा अडवला ते सांगायला लागला. घरी जाताना आम्ही तिघं चालत होतो आणि तो सांगतच होता, मध्येच रस्त्यात झेप घेऊन दाखवत. एक सायकलवाला पडता पडता वाचला.

पुढचा आठवडाभर वर्गात आम्हा तिघांशी कुणी बोललं नाही. आम्ही मधल्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून एकमेकांचे डबे संपवले आणि पोट दुखेपर्यंत हसलो. दहावीनंतर तिला लग्न करून कुरुंदवाडला दिली. तो नोकरीसाठी लांब गेला. मीही कुठली कुठं आले. भेटी राहिल्या, पत्ते बदलले. पुढं माझ्याशी गोड बोलणारी माणसं पुष्कळ भेटली. पण कुणीच बोलत नव्हतं त्या आठवड्यासारखा आठवडा काही पुन्हा वाट्याला आला नाही.