बसवायच्या टाळ्या

लाल कार्ड माझ्या हातात होतं आणि महानंदाच्या ओठांवर ‘म’ अडकला होता.

ती वर्गाच्या पुढे, फळ्याजवळ उभी होती. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात बांधलेली मटकी. “बी भिजलं की सगळ्यात आधी बाहेर येतं ते...” इतकं बोलून ती थांबली होती. पुढचा शब्द ‘मूळ’. तो तिला माहीत होता, मला माहीत होता, बाकांवर बसलेल्या पंचवीस जणांनाही माहीत होता. ओठ मिटलेले, मान ताठ, आवाज नाही. मी मोबाईलवर बघितलं. सात मिनिटं होऊन गेली होती. मी कार्ड वर धरलं. सवयीनं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याच्या अडचणींवर उपचार करतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगणं आता सोडून दिलंय. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत ट्रॅकमन होते. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. असा काही कोर्स असतो हे मला आमच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं. फॉर्मही त्यांनीच आणून दिला, त्यांच्याच सायकलवरून जाऊन. क्लिनिकचं कुलूप उघडताना अजूनही कधी कधी ते सर आठवतात.

सोलापुरात दर रविवारी सकाळी, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, आमचा भाषणाचा क्लब भरतो. मी तिथं कुणाला शिकवायला गेलो नव्हतो. पेशंटसमोर मी तासभर बोलू शकतो, पण माईक दिसला की मीच पहिलं वाक्य विसरायचो, म्हणून गेलो. त्या वर्गाला पूर्वेकडून खिडक्या आहेत. नऊच्या सुमाराला ऊन बाकांवर पसरतं. बाजूच्या गल्लीतून यंत्रमागांची खटखट येत राहते. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत आत येतात आणि उन्हात दिसू लागतात. कुणी शेअर बाजारावर बोलतं, कुणी आपल्या आजोळावर. मला तिथं बसलं की आठवड्याचं वजन उतरल्यासारखं वाटतं. आपण जागे आहोत की गुंगीत, हेही नीट कळत नाही.

क्लबात प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असतं. त्यात एक टायमर. भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. एक ‘अं काउंटर’ असतो. बोलणारा ‘अं’ किंवा ‘म्हणजे’ म्हणाला की तो टेबलावरची बेल दाबतो. हे काम येमुल काकांचं. त्यांनी सगळी हयात मागांच्या दुरुस्तीत घालवली. खटखटीत एखादा मागही बेताल झाला तर त्यांना ऐकू येतं. ‘अं’ त्यांच्या हातून सुटत नाही.

महानंदा माझी पेशंट. दुधनीची. घरात कानडी, शाळेत मराठी. वडील, म्हणजे अप्पा, मार्केट यार्डात तोलार आहेत. पोत्यांचं वजन करतात. तिनं डी.एड. केलं होतं आणि ती लहानपणापासून अडखळत बोलायची. तिला जे होतं त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. शब्द डोक्यात पूर्ण तयार असतो, ओठ जागेवर असतात, पण आवाज सुटत नाही. तिच्या बाबतीत ‘म’ सगळ्यात अवघड. आणि नाव महानंदा.

दोन शाळांत तिचा डेमो झाला होता. डेमो म्हणजे निवडीआधी समितीसमोर घ्यायचा तास. दोन्हीकडे ती नावावरच अडकली आणि समितीनंच तिचं नाव पूर्ण करून टाकलं. त्यानंतर तिला पुढं काही सुचलं नाही. तिसरा डेमो शहरातल्या एका शाळेत, त्या रविवारनंतरच्या गुरुवारी होता.

“हा शेवटचा, सर,” ती म्हणाली होती. “नाही जमलं तर चिंचोळी एमआयडीसीत एका गोडाऊनला लेबल लावायचं काम आहे. मैत्रीण करते तिथं.”

“तुला आवडेल ते?”

“तिथं बोलावं लागत नाही.”

ते वाक्य ती एकदाही न अडखळता बोलली.

मी तिला शिकवलं होतं, की ब्लॉक आला की ढकलायचं नाही. थांबायचं, श्वास सोडायचा, मग हलकी सुरुवात करायची. क्लिनिकमध्ये तिला ते छान जमायचं. बाहेर जमत नव्हतं, कारण थांबल्यावर पडणारी शांतता तिला सोसत नव्हती. तीन सेकंद तिला तीन तासांसारखे वाटत. म्हणून मी ठरवलं, डेमोचा तास आधी क्लबात घ्यायचा. माणसं प्रेमळ आहेत, घाई कुणाला नाही.

आधीच्या दिवशी मी येमुल काकांना फोन केला. “काका, उद्या माझी एक पेशंट बोलणार आहे. तिच्या वेळी बेल नको.”

“बेल कपाटात ठेवतो की,” ते म्हणाले. “कुलूप पण लावू?”

मला वाटलं, झाली तयारी. टायमर त्या रविवारी मीच होतो आणि कार्डांचा मला विचारही आला नाही. कार्डानंतर काय होतं ते तर तिला सांगायचंच राहिलं.

लाल कार्डानंतर अर्ध्या मिनिटाची सवलत असते. तेवढ्यात बोलणारा थांबला नाही, तर सगळे टाळ्या वाजवू लागतात आणि तो खाली बसेपर्यंत वाजवतात. क्लबचा जुना रिवाज आहे. कुणाला ‘पुरे’ म्हणायला नको, कुणाचा अपमान नको. भलेभले वक्ते त्या टाळ्यांत हसत हसत बसलेले आहेत. मी दोनदा बसलोय.

अर्धं मिनिट झालं. पहिली टाळी मागच्या बाकावरून आली. मग सगळ्यांचीच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. लाल कार्ड बघून हात आपोआप चालले. माझ्या हातात कार्ड तसंच होतं. खाली घ्यावं हेही सुचलं नाही. आवाज दुरून, पाण्याच्या तळातून आल्यासारखा वाटत होता. उन्हात सुताचे तंतू सावकाश वर चढत होते. मी महानंदाकडे बघत राहिलो. आता ही डबा घेऊन खाली बसणार, आणि गुरुवार गेला.

ती बसली नाही. आधी दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तिनं डबा छातीशी धरला आणि मान झुकवून सगळ्यांना नमस्कार केला. तिला वाटलं, लोकांना आपला तास आवडलाय. ती टाळ्या थांबायची वाट बघत उभी राहिली. लोक ती बसायची वाट बघत वाजवत राहिले. हे किती वेळ चाललं ते मी टायमर असूनही सांगू शकत नाही. शेवटी माणसांचेच हात थकले. टाळ्या विरत विरत थांबल्या. ओठ सैल करून तिनं श्वास सोडला आणि ती म्हणाली, “मूळ. आधी मूळ येतं. कोंब नंतर.” मग फडकं सोडून तिनं मटकी पहिल्या बाकावर फिरवायला दिली, राहिलेली चार वाक्यं बोलली आणि जागेवर गेली.

मी तिच्याबरोबर इतके महिने काम केलं होतं. इतकं निवांत थांबलेलं तिला मी कधी बघितलं नव्हतं.

मीटिंगनंतर व्हरांड्यात चहा असतो. क्लबच्या प्रेसिडेंट शिंदे मॅडम तहसीलमधून निवृत्त झालेल्या. मनात आलं की बोलणाऱ्या. त्या कौतुकानंच म्हणाल्या, “कमाल आहे गं तुझी! बसवायच्या टाळ्या पडल्या तरी बोलतेस? आमच्या क्लबात हे पहिल्यांदाच झालं.”

“बसवायच्या?” महानंदानं विचारलं.

मॅडमनी सगळा नियम समजावून सांगितला. त्या नीटच सांगतात. महानंदानं कप खाली ठेवला. डबा पिशवीत टाकून ती गेटाबाहेर गेली.

येमुल काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “काय की डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “माझी बेल काढून घेतली आणि स्वतःची कार्डं हातातच ठेवली.”

कार्डं अजून माझ्या खिशातच होती.

सोमवारी ती सेशनला आली नाही. फोन उचलला नाही. मंगळवारी तिच्या मोबाईलवर अप्पांनी फोन घेतला. मागं यार्डातला गलका होता.

“सर, पोरगी परवापास्नं धड बोलंना झालीया. घरी ऱ्हाईली तर रडत बसंल म्हनून संगं आनलीया. हितंच बसलीया पोत्यावर.”

“चूक माझी आहे, अप्पा.”

“तुमी काय केलं? लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हनं. त्यात रडायचं काय हाय?”

मी सांगितलं. लाल कार्ड, अर्धं मिनिट, टाळ्या कशासाठी, सगळं.

“आमच्यात कुनाला बसवायचं असलं तर ‘बस’ म्हनत्यात की ओ. टाळ्या कशाला वाजवाय पायजेत?”

“तसा रिवाज आहे, अप्पा.”

“बरं. मग बसली का ही?”

“नाही. टाळ्या थांबल्या, मग बोलली. पूर्ण बोलूनच बसली.”

“आन् मानसं?”

“वाजवून वाजवून थकली.”

अप्पा एवढ्या मोठ्यानं हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग ते तिच्याशी कानडीत काहीतरी बोलले. मला कानडी येत नाही. दोन-तीन वाक्यं असतील. पुन्हा ते हसले, आणि मग पलीकडून एक बारीक हसू ऐकू आलं. ते अप्पांचं नव्हतं.

बुधवारी ती क्लिनिकमध्ये वेळेआधी येऊन बसली होती. मी माफी मागितली. पेशंटची माफी मागायला मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे ती जरा वेडीवाकडीच झाली.

“सर, राहू द्या,” ती म्हणाली. “मला एकच सांगा. मी किती वेळ गप्प होते?”

“टाळ्या धरून? मिनिटभर तरी.”

“मिनिटभर,” ती स्वतःशीच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी आम्ही फार सराव केला नाही. ती बोलली, थांबली, पुन्हा बोलली. मी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

“नावावर अडकले, सर. ‘म’वरच. एक मॅडम फॉर्म बघून म्हणाल्या, ‘महानंदा ना?’”

“मग?”

“मी हात वर केला. म्हटलं नाही काही, नुसता हात. त्या थांबल्या. मी पण थांबले. मग स-सावकाश सांगितलं माझं मीच. लई वेळ लागला असेल, पण रविवारएवढा नाही लागला.”

“आणि तास?”

“तास झाला की. तीनदा अडकले. मटकीवर पोरं तुटून पडली. एकानं तर खाल्ली.”

शाळेनं तिला जूनपासून दुसरीचा वर्ग दिला. नेमणुकीच्या पत्रात कुठल्याही अटीत तिच्या बोलण्याचा उल्लेख नव्हता; ते पत्र तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. ती अजून अडखळते. तिचा तोतरेपणा मी बरा केला असं मी कुठंही सांगत नाही, कारण तो बरा झालेला नाही. आमच्या कामात निकाल असाच अर्धामुर्धा येतो आणि त्यावर समाधान मानावं लागतं. मी मानतो. तिनं मानलं की नाही हे विचारलं नाही. ती कामात असते.

या प्रकरणातून मी एक धडा घेतला. आता कुणाही पेशंटला क्लबात नेण्याआधी मी तिथले सगळे नियम नीट समजावून सांगतो: बेल, कार्डं, टाळ्या. कुणाची फजिती होत नाही. टाळ्या पडल्या की सगळे लगेच खाली बसतात, वाक्य अर्धं राहिलं तरी. हे सुधारणेत धरायचं की कशात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.