कुलूप असलेली बावीस घरं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंना सगळे मोजणीताई म्हणतात. एकवीस वर्षं त्या दारोदार फिरून पाहणी करतात. ठरलेल्या घरापासून दर बारावं दार. हसरा चेहरा दिसला म्हणून तेरावं घेत नाहीत. कुत्रं भुंकलं म्हणून बारावं सोडत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांचा पाय मुरगळला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. साहित्याची पदवी, हाताला काम नाही. एवढी पात्रता पुरली.

साठ घरं. महत्त्वाचा प्रश्न एकच: गेल्या सहा महिन्यांत सरकारी दवाखान्यात संध्याकाळी पाचनंतर कुणी गेलं का? निदान पाचव्या हिश्शाने 'हो' म्हटलं नाही, तर दवाखाना आठऐवजी पाचलाच बंद होणार होता.

चार दिवसांत मी साठ पत्रकं ताईंच्या हातात ठेवली. 'हो' फक्त सात.

"काय गं, या वस्तीत कुणी कामाला जातच नाही?"

"म्हणजे?"

"निवृत्त, निवृत्त, बाळंतीण, परत निवृत्त. कुलूपं कुठं गेली?"

"बावीस घरांना होती. मग त्यांच्याऐवजी शेजारच्या घरी विचारलं. शेजारी इतके छान बोलतात, ताई! एका आजोबांनी तर..."

"आजोबा दिवसभर मोकळे. ते सकाळी दहाला दवाखान्यात जाऊन बसतात. पाचनंतर कोण जातं?"

मी पत्रकं पुन्हा चाळू लागले.

"दिवसा ज्याच्या दाराला कुलूप असतं, तो," ताईच म्हणाल्या.

मी थक्क झाले. एकही उत्तर मी खोटं लिहिलं नव्हतं. तरी सगळं मिळून खोटं झालं होतं.

ताईंनी लगेच पाहणीच्या कचेरीतल्या साहेबांना फोन लावला.

"शेजारी चालतात हो, ताई. सगळेच करतात," साहेब म्हणाले.

"मला चालत नाहीत. चूक माझ्याकडून झालीय. चार दिवस द्या."

"आणि नाही दिले तर?"

"तर अहवालावर माझी सही मिळणार नाही."

मग आम्ही सकाळी साडेसहाला निघू लागलो. ताई लंगडत, मी पत्रकं धरून. शिवणकारखान्यातली एक बाई मुलीची वेणी घालता घालता म्हणाली, "पाचनंतर नाही तर काय दुपारी जाऊ? माझं मशीन तुम्ही चालवणार?" एका बसवाहकाने बुटाची नाडी बांधतच 'हो' सांगितलं. रविवारी आणखी सहा दारं उघडली.

बाविसांतली सतरा भेटली. त्यांत 'हो' तेरा. पाच घरं काही उघडली नाहीत.

"त्यांचंही 'हो' धरू या ना," मी म्हटलं. "तीही तसलीच असणार."

"मागच्या आठवड्यात तू शेजाऱ्यांवरून त्यांचं 'नाही' धरलंस. आज 'हो' धरतेस. त्यांना विचारलंस कधी?"

पाचही पत्रकांवर त्यांनी लिहिलं: भेट झाली नाही. माझ्या बावीस शेजाऱ्यांचे कागद वेगळे काढले. त्यांच्यातले तीन 'हो'सुद्धा गेले. उरली पंचावन्न घरं, त्यांत सतरा 'हो'. पाचव्या हिश्शाला अकरा पुरले असते.

खाली शेरा लिहिला: पहिल्या फेरीत बावीस घरं चुकीची घेतली. कुणी घेतली, ते लिहिलं नाही. मी पेन मागून घेतलं आणि पुढे माझं नाव घातलं.

दवाखाना अजून रात्री आठपर्यंत उघडा असतो.