मेंढीला विचारून निघणारा तात्या

आज तात्याला जाऊन वरीस झालं, आणि आजच माझं काम सुटलं.

सकाळी गेटवरच सुपरवायझर म्हणला, "उद्यापासून येऊ नका. लाइन बंद."

इथं गुजरातमधी टाइल्सच्या कंपनीत पॅकिंगला होतो मी.

खोलीवर आलो, बॅग भरली. जरा पडलो तर डोळा लागला.

झोपेत मेंढरांच्या घंट्या.
ओल्या लोकरीचा वास.
धुक्यात तात्याचं घोंगडं पुढं पुढं चाललेलं, आणि मी मागं.

तात्या माझा चुलता. पालमकडचा. जन्मभर मेंढरं राखली. मी चौथीतनं शाळा सोडली ती त्याच्याच मागं हिंडायला.

एका रानातला चारा संपला की तात्या एकटाच पुढचं रान बघायला जायचा. येताना पटक्यात मूठभर पाला बांधून आणायचा आणि म्होरक्या मेंढीपुढं धरायचा.

तिनं खाल्लं की बिऱ्हाड घोड्यावर.
तिनं तोंड फिरवलं की तात्या परत चालता, दुसरं रान बघायला.

एकदा मानवतच्या बाजूला गेलो. मेंढीनं पाला खाल्ला होता. दिवसभर चालून पोचलो तर वावर नांगरलेलं. नुसती काळी ढेकळं.

काकू घोड्यावरची भांडी उतरवीना. म्हणली, "आता मेंढीलाच विचारा, पोरांनी काय खायचं."

तात्या ढेकळावर बसून लय वेळ तंबाखू मळत राहिला. मग उठून रानमालकाकडं गेला.
मला वाटलं आता हात जोडतोय.

"पाटील, नांगरट झ्याक झालीय. खत कुठाय?"

मालक हसला. "तूच सांग."

"माझं खत पायानं चालतंय. रातच्याला मेंढरं तुमच्या रानात बसवतो, दिवसा बांध चारू द्या."

"आणि त्याची जवारी किती घेशील?"

"ते आमच्या घरवालीला विचारा. माझ्याशी आज बोलंना ती."

सांजच्याला चूल पेटली.

मी विचारलं, "तात्या, त्यो न्हाई म्हणला असता तर?"

"तर अजून चाललो असतो."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. म्हणून तर मेंढीला विचारतो. माझ्या एकट्याच्यानं कुठं निघणं होतंय."

फोन वाजला तवा जाग आली. काकू होती. तात्याचं पान वाढून झालं म्हणली. मी काम सुटल्याचं सांगितलं.

"ये की मग घरी. पालमला दुकानात लावून देते."

मी म्हणलं, रविवारी रविवारी एका मिस्त्रीपाशी फरशी बसवायला शिकलोय. आता सोताच कामं धरावी म्हणतो.

"काम हाय का हातात?"

"न्हाई. उद्या हिंडतो. नव्या बिल्डिंगी लय व्हायल्यात इथं."

काकू म्हणली, "मेंढीला विचारलंस का?"

"इथं कुठली मेंढी, काकू."

"मग मला विचार."

विचारलं. "जाऊ का?"

फोनात मागं एक घंटी वाजायली होती. अजून थोडी मेंढरं ठेवलीत तिनं.

मग म्हणली, "गुडघ्याला फडकं बांधत जा. फरशीवर बसून गुडघे जातेत माणसाचे."

तात्या, काकूनं पाला खाल्ला.

निघतो मी.
रामराम घे.